फळीवर वंदना आणि परदेशी उपास

आमच्या विश्रामबागच्या कॉलनीत गणपतीच्या सातव्या दिवशी प्रश्नमंजूषा असते आणि गेली चार वर्षं ती माझ्या गळ्यात आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे मला सगळं येतं असा कॉलनीचा समज. पहिल्या वर्षी मी इमानदारीत सामान्यज्ञान विचारलं, तर दहा मिनिटांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. प्रसादाच्या आधी देशांच्या राजधान्या कुणाला हव्या असतात? तेव्हापासून प्रश्न फक्त खाण्यापिण्यावर आणि सणाच्या गाण्यांवर. या विषयावर सांगलीत कुणी गप्प बसत नाही.

यंदा दुसऱ्या दिवशी एकादशी होती. म्हणून पहिलाच प्रश्न टाकला: साबुदाण्याच्या खिचडीतल्या कुठल्या कुठल्या गोष्टी मूळच्या आपल्याकडच्या?

"सगळ्याच की!" मागून दोन-तीन आवाज आले.

मग मी एकेक काढायला लागले. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो आणि कसावा ब्राझीलकडचा. पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. त्याच्याही आधीचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या ताडासारख्या झाडाच्या खोडातून काढत. दुसऱ्या महायुद्धात तो माल यायचा बंद झाला, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या बाजूला कसाव्यापासून साबुदाणा करायचे कारखाने निघाले. आज आपल्या डब्यातला साबुदाणा बहुतेक तिकडचाच. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची अमेरिका खंडातली. बटाटा अँडीजच्या डोंगरातला, आणि शब्दसुद्धा पोर्तुगीज. त्यातही गंमत अशी की कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा मूळ 'बटाटा' म्हणजे रताळं. गोऱ्यांनी शब्द उचलला आणि नेऊन दुसऱ्याच कंदाला चिकटवला.

"मग राहिलं काय?" पाटीलकाकांनी विचारलं.

"तूप आणि मीठ."

"आणि जिरं?"

"जिरं पश्चिम आशियातलं. पण ते इतक्या जुन्या काळी आलंय की त्याला आपण घरचंच धरू."

दुसऱ्या रांगेत आमच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या उभ्याच राहिल्या. "म्हणजे गेली पन्नास वर्षं मी धरत होते ते काय, उपास का परदेशवारी?"

मंडपात जो हशा पिकला तो थांबेना. मग लोकांनी माझी उलटतपासणी सुरू केली. रताळं? तिकडचंच. काजू? तिकडचे. पेरू? तोही तिकडचाच. सीताफळ? ते नाव ऐकून कुणालाही अयोध्येचं वाटेल, पण तेही अमेरिकेतून आलेलं. राजगिरा तरी सोडा म्हणाले, तर तोही मेक्सिकोकडचा. तिथले अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मध घालून देवांच्या मूर्ती करत आणि सणाला प्रसाद म्हणून वाटून खात. आजही तिथे लाह्यांच्या वड्या मिळतात, आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीची सख्खी बहीण. त्या वडीच्या स्पॅनिश नावाचा अर्थ 'आनंद'. ऋषीपंचमीच्या भाजीतला मका आणि लाल भोपळा मी मुद्दाम काढला नाही. आठवडाभरापूर्वीच सगळ्यांनी ती भाजी श्रद्धेने खाल्ली होती, कुठे आणखी दुखवायचं.

दुसरी फेरी आरत्यांची. प्रश्न असा: 'लंबोदर पीतांबर' याच्या पुढे काय?

लहान मुलांच्या गटाने एका सुरात उत्तर दिलं, "फळीवर वंदना!"

मोठ्यांच्या गटातही निम्मे तेच म्हणाले, फक्त हळू. खरं आहे 'फणिवरबंधना', म्हणजे कमरेला नाग बांधलेला. माझीही फळीच होती बरं का, लग्न होईपर्यंत. आमच्या मिरजेच्या घरी गणपती भिंतीतल्या फळीवरच बसायचा, त्यामुळे मला कधी शंकाच आली नाही. तसंच 'संकटी पावावे'चं लोकांनी 'संकष्टी पावावे' करून टाकलंय. आणि शेवटी 'दास रामाचा वाट पाहे सदना' आहे, सजणा नव्हे. रामदासांना सजणाची वाट बघायला लावणाऱ्यांनी एकदा सज्जनगडावर जाऊन माफी मागून यावी; सांगलीहून काही फार लांब नाही.

पण मला स्वतःला सगळ्यांत आवडतं ते 'घालीन लोटांगण'. गणपतीत ते म्हटल्याशिवाय आरती संपत नाही, आणि त्यात गणपतीचं नावच नाही! नीट बघा. पहिलं कडवं 'म्हणे नामा' म्हणून संपतं, ते नामदेवांचं. 'कायेन वाचा' भागवतातलं. 'अच्युतं केशवं' शंकराचार्यांचं. 'हरे राम' उपनिषदातलं. मराठी, संस्कृत, वेगवेगळ्या शतकांतलं, सगळं विष्णू, कृष्ण आणि रामाचं. कुणीतरी कधीतरी एकाखाली एक जोडलं आणि आपण टाळ्यांचा वेग वाढवत, एका श्वासात, गिरकी घेत म्हणतो. गणपतीला चालतंय, मग आपण कोण बोलणार?

इथे कॉन्व्हेंटात जाणारी एक मुलगी उठली. "मॅडम, जिंगल बेल्समध्ये पण ख्रिसमस नाहीये."

मी खूश. कारण माझ्या चिठ्ठीवर पुढचा प्रश्न तोच होता. जेम्स पिअरपाँट नावाच्या अमेरिकन माणसाचं ते गाणं 1857 साली छापलं गेलं, तेव्हा त्याचं नावही वेगळं होतं, 'एका घोड्याची उघडी घसरगाडी' अशा अर्थाचं. त्यात बर्फ आहे, घोडा आहे, एक तरुणी आहे, गाडी उलटून पडणं आहे. नाताळ कुठेच नाही. आणि अवकाशात वाद्यांवर वाजवलेलं पहिलं गाणंही तेच. 16 डिसेंबर 1965 ला जेमिनी 6 यानातल्या दोघा अंतराळवीरांनी आधी खाली कळवलं की आम्हाला एक विचित्र वस्तू उडताना दिसतेय, आणि मग चोरून नेलेला माउथऑर्गन आणि घुंगरं काढून हे वाजवलं. आमच्याकडची पोरं डिसेंबरात भर दुपारी घाम पुसत तेच गातात. बर्फ म्हणजे त्यांना गोळ्याचा माहीत.

आता माझी फजिती. मी विचारलं, आपल्या सणांपैकी इंग्रजी तारखेने ठरलेला एकमेव सण कोणता? उत्तर लिहून आणलं होतं, संक्रांत, कायम 14 जानेवारी. पंचांग बघणारे आमचे एक निवृत्त आजोबा शांतपणे म्हणाले, "विवेकानंदांचा जन्म कधीचा?" 12 जानेवारी 1863, मी म्हटलं. "त्या दिवशी संक्रांत होती." मी गार. ते म्हणतात तेच बरोबर. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने चालते आणि ते वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा काही मिनिटांनी मोठं, म्हणून साधारण सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. आता अधूनमधून 15 ला येतेच की. ज्या गटाने 'असा सण नाही' म्हणून उत्तर दिलं होतं, त्यांचे कापलेले गुण परत द्यावे लागले, आणि विज्ञानाच्या बाईंना पंचांगाने हरवलं हे कॉलनीत अजून चाललंय.

गोटी सोड्याचा प्रश्न पटकन उरकला, कारण आयर्विन पुलाजवळ सोडा प्यायलेली पिढी समोर होती आणि सगळ्यांना आठवणीच सांगायच्या होत्या. बाटली हायरम कॉड या इंग्रजाने काढली, 1872 चं पेटंट. ती उलटी धरून भरतात; गॅसच्या दाबाने गोटी तोंडाशी येऊन रबराच्या कड्याला घट्ट बसते. बूच नको, काही नको. पिताना मात्र बाटलीच्या मानेतल्या खाचा खालच्या बाजूला धरायच्या, म्हणजे गोटी तिथे अडकते. उलटी धरली की गोटी परत तोंडावर येऊन घोट बंद. हे आम्हाला पाचव्या वर्षी कळत होतं, भौतिकशास्त्र खूप नंतर आलं.

शेवटी प्रयोग. मी गाळणकागदावर हळद फासून तो पिवळाधमक वाळवून आणला होता. पानवाल्याकडून आणलेला चुना पाण्यात कालवून निवळी घेतली होती. काडीला कापूस गुंडाळून त्या निवळीने कागदावर 'श्री' लिहिला. काडी जिथे टेकली तिथे पिवळ्याचं लालभडक झालं, जसं काही आत कुणी दिवा लावला. पुढच्या पोरांनी "ओ!" केलं. हळदीतला रंग अल्कधर्मी पदार्थ लागला की लाल होतो, एवढंच. सणाला शर्टावर आमटी सांडते आणि साबण लावताच डाग लाल होतो, तो हाच प्रयोग. जुन्या काळी घरी कुंकू करत ते हळदीचंच, असाच क्षार घालून. म्हणजे हळद आणि कुंकू या दोन वेगळ्या वस्तू नाहीतच. एकीला चुना लागलेला आहे.

सासूबाई आता खुलल्या. त्यांचं माहेर हरिपूरचं, आणि हळदीवर त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही. त्यांनी माइक घेतला. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं हे माझ्या चिठ्ठीवर होतं, पण पेव कसं उघडतात ते माझ्या चिठ्ठीवर कुठून असणार? हरिपुरात जमिनीत खोल खड्डे, वर तोंड अरुंद, आत पोटं मोठी. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड नाही. "पण उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही," त्या म्हणाल्या. "आधी कंदील सोडायचा. कंदील विझला की माणूस पण विझंल." आत प्राणवायू उरत नाही, म्हणून तर कीडही जगत नाही. 2005 च्या महापुरात कितीतरी पेवं पाण्याने गेली. ते सांगताना त्यांनी माइक जरा लांब धरला.

हळदीच्या दुधावर मात्र हसू आलं. माझा भाचा पुण्यात एका कॅफेत 'टर्मरिक लाटे' म्हणून ते 280 रुपयांना प्यायला. सासूबाई म्हणाल्या, "त्यात मिरी घातली होती का?" नव्हती. "मग फुकट गेले." हे शास्त्रालाही धरून आहे. हळदीचं सत्त्व पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं, आणि मिरीमुळे ते अंगी जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळी सातला सासूबाई ओट्याशी उभ्या राहून माझी परीक्षा घेत होत्या.

"वरी आपली?"

"आपली."

"शिंगाडा? काकडी? मिरी?"

"आपलं, आपलं, आपलं."

"साखर?"

"साखर तर आपणच जगाला दिली. त्यांचा शुगर शब्दसुद्धा आपल्या शर्करेवरून."

दाण्याची आमटी गेली. दाण्याच्या कुटाशिवाय काकडीची कोशिंबीर, ओलं खोबरं आणि मिरी घातलेली वरी, शिंगाड्याचा शिरा, ताक. खरं सांगायचं तर वरी घशाखाली ढकलावी लागत होती.

मग चहाचं आधण ठेवताना त्यांचा हात थांबला. "आणि चहा गं?"

मी क्षणभर गप्प. 'चहा' शब्द चिनी आहे, आणि आपल्या डब्यातली दाणेदार पावडर ज्या यंत्रातून निघते ते 1930 च्या सुमारास इंग्रजांनी आसामात केलेलं. पण आसामच्या जंगलात चहाची झाडं आपली आपण उगवत होती हेही तितकंच खरं. "आसामचा," मी म्हटलं.

"मग आपलाच," म्हणून त्यांनी दोन चमचे टाकले.

चार वाजता स्वयंपाकघरातून जिऱ्याच्या फोडणीचा वास आला. मी जाऊन बघते तर सासूबाई खिचडी परतत होत्या. साबुदाणा त्यांनी आदल्या संध्याकाळीच, मंडपात यायच्या आधी, भिजवून ठेवला होता.

"भिजवलेलं टाकून देऊ का?" माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "ते दाण्याचं कूट दे इकडं. आणि मिरची आणखी एक घाल."