उत्तर फिनलंडच्या अरण्यात पायी: एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाकडे

फिनलंडच्या ईशान्येस, रशियाच्या सीमेला लागून कूसामो हा प्रदेश आहे आणि तेथे १९५६ साली स्थापन झालेले ओउलांका राष्ट्रीय उद्यान आहे. या उद्यानातून कारहुनकिएरोस नावाची ८२ किलोमीटरची पायवाट जाते. तिचे उत्तरेकडील टोक हाउतायार्वी हे आर्क्टिक वृत्तालगतचे छोटे गाव असून दक्षिणेकडे ती रुका या हिवाळी खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात संपते. ही वाट पाठीवर तंबू घेऊन सलग चालणारे अनेक असतात. आम्ही नाशिकची काही मित्रमंडळी, बहुतेक पन्नाशी ओलांडलेली, सप्टेंबरमध्ये येथे वेगळ्या पद्धतीने चाललो. दिवसभर स्थानिक मार्गदर्शकासोबत चालायचे, संध्याकाळी लाकडी अतिथिगृहात गरम जेवण आणि कोरडा बिछाना, आणि मोठे सामान गाडीने पुढच्या मुक्कामी, अशी ती रचना होती. सह्याद्रीत वर्षानुवर्षे किल्ले चढलेल्या, परंतु आता पाठीवर पंधरा किलो वाहू न इच्छिणाऱ्या माणसांसाठी यापेक्षा योग्य पद्धत मला माहीत नाही, आणि आपल्याकडून कोणी जाणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी वाटेवरच अतिथिगृह उभे आहे, असे येथे नाही. वाट जेथे रस्त्याला भेटते तेथे गाडी येते, मुक्कामी नेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाटेवर आणून सोडते. त्यामुळे सलग ८२ किलोमीटर पूर्ण होत नाहीत. रोज बारा ते अठरा किलोमीटरचे निवडक भाग चालले जातात. ज्यांना संपूर्ण वाट पायाखाली घालण्याचा आग्रह आहे त्यांनी आरक्षण करण्यापूर्वीच आयोजकाशी तसे बोलून घ्यावे. आम्हाला तो आग्रह नव्हता आणि कोणताही महत्त्वाचा भाग हुकला असे वाटले नाही.

तयारीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या सवयी येथे अपुऱ्या पडतात. हरिहरच्या पायऱ्या किंवा साल्हेरची चढण ज्याने केली आहे त्याला या वाटेवरील चढ किरकोळ वाटतील. दमछाक होते ती अंतराने आणि पायांखालच्या भूमीने. वाट पाइनच्या मुळांवरून, ओल्या दगडांवरून आणि दलदलीवर टाकलेल्या दोन फळ्यांच्या अरुंद पुलांवरून तासन्तास जाते, आणि पावसात त्या फळ्या अतिशय निसरड्या होतात. म्हणून पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढण्यापेक्षा लांब अंतर चालण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो. त्र्यंबकेश्वरची श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी ही तर यासाठी जणू आखून दिलेली तालीम आहे: सुमारे वीस किलोमीटर, पाऊस, चिखल आणि गर्दीत सांभाळावी लागणारी चाल. आमच्यापैकी ज्यांनी फेरी केली होती त्यांचे पाय पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालले. फेरी अनेकजण अनवाणी करतात. सरावासाठी मात्र प्रवासात वापरायचे तेच बूट घालून चालावे, म्हणजे ते पायाला बसतात. आणि हे बूट विमानात पायात घालूनच न्यावेत. आमच्यातील एका सहकाऱ्याचे सामान विमान बदलताना मागे राहिले व उशिरा पोहोचले. बूट पायात असल्यामुळे त्यांचा पहिला दिवस वाया गेला नाही.

कपड्यांत सुती काहीही नको. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिवसा साधारण पाच ते बारा अंश तापमान असते, रात्री ते शून्याच्या जवळ जाऊ शकते, आणि भिजलेले सुती कापड अंगावर वाळत नाही. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर उबदार मधला थर आणि सर्वांत वर टोपी असलेले चांगले पर्जन्यवस्त्र, शिवाय पावसाची विजार, हातमोजे, कानटोपी आणि लोकरी मोज्यांचे भरपूर जोड, एवढे पुरते. इगतपुरीच्या पावसात आपण भिजण्याची पर्वा करत नाही, कारण तेथील पाऊस कोमट असतो; येथे भिजणे म्हणजे थंडीने हात आखडणे, हा फरक मनात पक्का ठेवावा. चालण्याच्या काठ्या अवश्य न्याव्यात.

फिनलंडसह युरोपातील बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी मुंबईत अर्ज करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, प्रवासविमा किमान ३०,००० युरो संरक्षणाचा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असल्याने तो लवकर करणे श्रेयस्कर. मुंबईहून एक विमान बदलून हेलसिंकीला आणि तेथून देशांतर्गत विमानाने सव्वा तासाच्या आसपास कूसामोला पोहोचता येते. दोन्ही तिकिटे स्वतंत्र काढली असतील तर मध्ये हेलसिंकीत एक रात्र ठेवावी.

खाद्यपदार्थांबद्दल एक महत्त्वाचा नियम अनेकांना ठाऊक नसतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे व दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर हे घरीच ठेवावे लागते. ताज्या फळांवरही निर्बंध आहेत, त्यामुळे नाशिकची द्राक्षे तर नाहीतच. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि दूध न घालता तेलावर केलेल्या दशम्या मात्र आमच्यासोबत होत्या आणि दुपारच्या विश्रांतीत त्यांचा मोठा आधार झाला. अतिथिगृहांत जेवण लवकर, संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास असते. राईच्या पिठाचा काळसर पाव, बटाटे, आळिंबीचे सूप, रानबेरींचा मुरंबा आणि सकाळी ओटची पेज हे शाकाहारी माणसाला पुरेसे आहे, मात्र "शाकाहारी" एवढाच शब्द न लिहिता मासे आणि अंडी चालत नाहीत हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. मासे खाणाऱ्यांनी सॅमन माशाचे दुधातले सूप चुकवू नये.

आता वाटेबद्दल. आम्ही उत्तरेकडून सुरुवात केली. पहिले काही तास पाइनच्या विरळ जंगलातून जाताना माणसाला वाटते की येथे पाहण्यासारखे विशेष काही नाही: सारखीच झाडे, सारखीच जमीन, ना कडा ना शिखर. अशा वेळी सोबत जाणकार असण्याचे मोल कळते. आमच्या मार्गदर्शक बाई त्याच भागात वाढलेल्या होत्या. त्यांनी एका जुन्या पाइनच्या बुंध्यावरील काळा, खोल व्रण दाखवला आणि सांगितले की ती शतकभरापेक्षा जुन्या वणव्याची खूण आहे. जाड सालीमुळे पाइन वाचतो, तर पातळ सालीचा स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष जळून जातो, त्यामुळे कोणत्या उतारावर कोणते झाड आहे यावरून तेथील आगीचा इतिहास वाचता येतो. साल गळून रुपेरी झालेले काही पाइन मेल्यानंतरही दशकानुदशके ताठ उभे असतात. येथील स्प्रूस इतके सडपातळ का, याचे कारण हिवाळ्यातील बर्फात आहे; रुंद फांद्या असलेले झाड त्या भाराने मोडते, निमुळत्या झाडावर तो भार कमी पडतो. त्याच स्प्रूसवरून दाढीसारखे लोंबणारे शैवाक (लायकेन, म्हणजे बुरशी व शेवाळ यांची संयुक्त वाढ) जुन्या, न तोडलेल्या जंगलातच भरपूर असते आणि हिवाळ्याच्या शेवटी जमीन कडक बर्फाखाली गेली की रेनडिअर त्यावर जगतात. जमिनीवरचे पांढरट शैवाक वर्षाला अवघे काही मिलिमीटर वाढते, कोरडे असताना पाय पडला तर चुरा होते. म्हणून वाट सोडून चालू नये. एवढे समजल्यानंतर ते "सारखे" जंगल पुन्हा सारखे दिसले नाही.

ताइवालक्योंगास येथे झुलत्या पुलांवरून धबधब्याच्या दोन्ही बाजूंना जाता येते. पुलावर एका वेळी किती माणसांनी जावे याची पाटी असते आणि ती पाळावी. पुढे किउताक्योंगास येथे ओउलांका नदी लालसर डोलोमाइटच्या कड्यांमधून फेसाळत उतरते. हा चुनखडीच्या जातीचा खडक या उद्यानाचे मोठे वैशिष्ट्य आहे, कारण एरवी आम्लयुक्त असलेल्या उत्तरेकडील मातीत तो दुर्मीळ वनस्पतींना आधार देतो. उद्यानाचे बोधचिन्ह असलेले कॅलिप्सो ऑर्किड याच कारणाने येथे उगवते. ते जूनच्या सुमारास फुलते, म्हणून फुलांसाठी येणाऱ्यांनी तो महिना निवडावा, मात्र जून-जुलैत डासांचा उपद्रव फार असतो आणि जाळीची टोपी न्यावीच लागते. सप्टेंबरमध्ये तो त्रास जवळजवळ नसतो. शिवाय याच काळात बर्च व ॲस्पन पिवळे होतात आणि जमिनीलगतची ब्लूबेरीची झुडपे तांबडी होतात. रुस्का नावाने ओळखला जाणारा हा रंगांचा बहर साधारणपणे महिन्याच्या मध्यास भरात असतो.

यूमा गावाजवळील बारा किलोमीटरचे छोटे वर्तुळ हा सर्वांत वर्दळीचा भाग आहे, आणि ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी हेच चालावे. म्युल्लुकोस्की येथे जुनी पाणचक्की आहे, जिच्यात आता वाटसरू विसावतात. पुढे कित्का नदी नऊ मीटर खाली कोसळते तो युरावा धबधबा. सीमेपलीकडील पानायार्वी सरोवरातून नदीने वर येणाऱ्या मोठ्या ट्राउट माशांचा प्रवास या धबधब्याशी थांबतो, कारण तो त्यांना ओलांडता येत नाही. येथे सकाळी लवकर पोहोचल्यास गर्दी टळते.

दुपारी नेमून दिलेल्या जागीच शेकोटी पेटवता येते. तेथे उद्यानाने लाकडे ठेवलेली असतात. गरजेपुरतीच वापरावीत, आणि वणव्याचा इशारा असेल तर उघड्यावर आग पूर्णपणे वर्ज्य आहे. कचऱ्याच्या पेट्या वाटेवर नाहीत, सर्व कचरा परत न्यायचा असतो, आणि ही शिस्त तेथील शाळकरी मुलेही निमूटपणे पाळतात हे पाहून आपल्या अंजनेरीची आठवण येऊन वाईट वाटले. शेकोटीजवळ सायबेरियन जे हा तपकिरी पक्षी निर्भयपणे अगदी जवळ येतो. रेनडिअर वारंवार दिसतात. ते सर्व कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे असतात, त्यांच्यामागे छायाचित्रासाठी धावू नये. अस्वले या जंगलात आहेत, परंतु चालणाऱ्यांना ती क्वचितच दिसतात. रानबेरी खुडून खाण्याचा हक्क फिनलंडमध्ये पाहुण्यांनाही आहे. मात्र ओळख पटल्याशिवाय काहीही तोंडात घालू नये आणि आळिंबीच्या वाटेला तर जाऊच नये.

संध्याकाळचा सौना म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत बसून घेतलेले वाफेचे स्नान; संकोच बाळगून तो टाळू नये. स्त्रियांची आणि पुरुषांची वेळ बहुधा वेगळी असते, पोहण्याचे कपडे घालायचे की नाही हे आधी विचारले तर कोणालाही वावगे वाटत नाही, आणि बसताना खाली छोटा पंचा घ्यायचा असतो. दिवसभर चाललेल्या गुडघ्यांना त्या उष्णतेने जो आराम मिळतो तो कोणत्याही मलमाने मिळत नाही. रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि थंडगार तळ्यात उडी घेण्याचा मोह टाळावा.

जंगलात मोबाइलचे जाळे सर्वत्र मिळत नाही. संकटकालीन क्रमांक ११२ आहे, आणि '११२ सुओमी' हे ॲप आधीच घेऊन ठेवल्यास मदत मागताना आपले ठिकाण आपोआप कळवले जाते. आपले दोन गोल पिनांचे चार्जर तेथे चालतात. पाठीवरच्या छोट्या पिशवीत पाणी, पर्जन्यवस्त्र, एक जादा मोज्यांचा जोड, औषधे आणि पॉवर बँक एवढेच असावे.

उत्तरेकडून दक्षिणेस चालण्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: सर्वांत कठीण भाग शेवटी येतो. कोंट्टाइनेन आणि वाल्टावारा या टेकड्यांचे चढ-उतार रुकाच्या आधीच आहेत, आणि तोवर पाय थकलेले असतात. आमच्या गटातील दोघींनी तेथे वाल्टावारा सोडून गाडीने रुकाला जाणे पसंत केले आणि मार्गदर्शक बाईंनी ते अगदी सहज मान्य केले. अशी मुभा असणे हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे, तेव्हा प्रत्येक दिवशी मधूनच परतण्याची सोय आहे की नाही हे आयोजकाला निश्चित विचारावे. ज्यांना तो भाग चालायचा आहे त्यांनी आदल्या दिवशी अंतर कमी ठेवावे. टेकड्यांच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना सरोवरे आणि जंगल क्षितिजापर्यंत दिसते, आणि वारा तेथे फार बोचरा असतो, म्हणून वर पोहोचण्यापूर्वीच उबदार थर अंगावर चढवावा.

रुकाहून कूसामोचा विमानतळ रस्त्याने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. रुस्काच्या आठवड्यांत फिनिश लोक स्वतः मोठ्या संख्येने उत्तरेकडे येतात आणि चांगली अतिथिगृहे लहान असल्यामुळे लवकर भरतात. सप्टेंबरमध्ये जायचे असेल तर त्याच वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत आयोजकाशी तारखा निश्चित कराव्यात आणि त्यानंतरच विमानाची तिकिटे काढावीत.