आवक क्रमांक न पडलेला कागद

गेल्या बुधवारी संध्याकाळी मस्टर कपाटात ठेवत होते, तेवढ्यात आमच्या कॉलेजच्या ऑफिसातली वरिष्ठ लिपिक दारात येऊन उभी राहिली. मी तिथली अधीक्षक. हातात चौघडी केलेला कागद. "मॅडम, एवढं आवक करून द्या नं." म्हणजे शिक्का मारून, क्रमांक टाकून आलेल्या कागदांच्या वहीत नोंद.

कागद न उघडताही मला कळलं होतं. आठवड्यापूर्वी तिची मुख्य लिपिक म्हणून पदोन्नती निघाली होती, पण संस्थेच्या काटोलच्या कॉलेजात. नागपूरहून साठेक किलोमीटर. पोरगा पुढच्या वर्षी दहावीत. तरी उघडला. "कौटुंबिक अडचणीमुळे सदर पदोन्नती मी स्वखुशीने नाकारीत आहे." हा 'स्वखुशीने' शब्द कोण शिकवतं बायकांना, देव जाणे. माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये २००७ सालचा असाच एक कागद आहे. कार्बन कॉपी आहे, निळी शाई पुसट झालीय, पण 'स्वखुशीने' अजून नीट वाचता येतं.

मी १९९६ ला कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. अनुदानित कॉलेज, मूळ पगार ३०५० च्या श्रेणीतला, टायपिंग मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस. लूनावर यायची. आता वासुदेवनगरहून मेट्रोने शंकरनगरला उतरते, मे महिन्यात तेवढाच जीवाला गारवा. पहिल्या दिवशी मला आवक-जावकचं टेबल मिळालं. मग प्रवेशाची खिडकी, मग ओळखपत्रं आणि टीसी. तेरा वर्षं मी खिडकीच्या अलीकडेच होते. आस्थापना (कर्मचाऱ्यांची पदं, वेतन, सेवेच्या नोंदी), लेखा आणि रोस्टर, म्हणजे आरक्षणाची बिंदुनामावली, ही टेबलं पुरुषांकडे. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तिथं उच्च शिक्षण सहसंचालक ऑफिसात चकरा माराव्या लागतात, उशीर होते, तुम्हाला कशाला त्रास?" काळजीच ती. भांडणार तरी कशी?

पण ऑफिसात माणूस वर चढतो तो टेबलाच्या जोरावर. सेवाज्येष्ठता यादीत तुमचं नाव कुठेही असो, अधीक्षकाची खुर्ची रिकामी झाली की साहेब विचारतात, "बिंदुनामावली कोणाला येते? वेतननिश्चिती कोण करते?" आणि खिडकीवर तेरा वर्षं काढलेली बाई गप्प बसते. सरळसेवा भरतीत महिलांना प्रत्येक प्रवर्गात ३० टक्के समांतर आरक्षण आहे, पदोन्नतीत नाही. आत शिरायला दार आहे, जिना ज्याचा त्यानं शोधायचा.

२००७ ला माझी वरिष्ठ लिपिकपदी पदोन्नती निघाली होती, बाहेरगावच्याच शाखेत. मुलगी तिसरीत, सासूबाईंचे गुडघे. घरात कोणी नको म्हटलं नाही, हे मुद्दाम लिहिते. मी विचारलंच नव्हतं. रात्री पोळ्या झाल्यावर ओट्याशी उभ्यानेच कच्चा मसुदा लिहिला, सकाळी ऑफिसात टाइप केला आणि माझ्याच हाताने त्यावर आवक क्रमांक टाकला. आवकचं टेबल तेव्हाही माझ्याकडेच होतं ना!

पुढच्या वर्षी माझी बारा वर्षं भरली. कालबद्धचा लाभ, म्हणजे बारा वर्षं पदोन्नती न मिळालेल्याला वरची वेतनश्रेणी, मिळायला हवा होता. फाईल परत आली, शेरा असा: नियमित पदोन्नती नाकारलेली असल्याने अपात्र. मला हा नियम माहीतच नव्हता. आस्थापनेच्या टेबलावर कधी बसलेच नव्हते, तर माहीत होणार कुठून? ज्यांना माहीत होता ते त्या सकाळी माझ्या शेजारीच चहा पीत होते. त्यांनी "विचार करा" एवढंसुद्धा म्हटलं नाही. राग त्यांचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा.

मग सहावा वेतन आयोग आला. २००९ चा उन्हाळा, कूलरला पाणी नाही, सगळ्यांची वेतननिश्चिती करायची आणि नेमके आस्थापनेचे बाबू हृदयाच्या ऑपरेशनसाठी रजेवर. दुसरं कोणी नव्हतं म्हणून साहेबांनी फाइली माझ्याकडे सरकवल्या. 'तात्पुरतं' म्हणाले. शासन निर्णय घरी नेऊन वाचला, दोन रात्री. मग सरावाला माझंच प्रकरण केलं: १ जानेवारी २००६ चं मूळ वेतन ३७२५, गुणिले १.८६, आले ६९२८.५०, पुढच्या दहाच्या पटीत ६९३०, अधिक ग्रेड पे १९००. एकूण ८८३०. एवढंच! ज्याला तेरा वर्षं 'तुम्हाला त्रास' म्हणत होते, तो गुणाकार आमची मुलगी करू शकली असती. अवघड होती ती सेवापुस्तकं. कोणाची वेतनवाढ नोंदवलेली नाही, कोणाच्या रजेच्या नोंदीवर सहीच नाही. सहसंचालक कार्यालयात चकरा मीही मारल्या, उशीर मलाही झाला. सासूबाईंनी कुकर लावला. जग बुडालं नाही.

ते टेबल मी पुन्हा सोडलं नाही. २०१९ ला सातवा आयोग आला तेव्हा २.५७ ने गुणायला साहेबांना मला शोधत यावं लागलं. पण अधीक्षक व्हायला त्यानंतरही वेळ लागला. त्यातली तीन वर्षं 'प्रभारी' होते, म्हणजे काम अधीक्षकाचं, पगार मुख्य लिपिकाचा, आणि कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम आली की रांगोळी कोण काढणार याची जबाबदारीही माझीच. काठपदराच्या साड्यांची सूचना आम्हा बायकांना. पुरुषांना कधी फेटे बांधायला सांगितलेले आठवत नाही.

दर आठ मार्चला सभागृहात भाषण असतं. हंसा मेहता १९४९ ला बडोद्याच्या कुलगुरू झाल्या, हे मला पाठ झालंय. मला मात्र आठवतात स्नेहलता देशमुख. १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, आणि गुणपत्रिकेवर आईचं नाव असावं हा त्यांचा आग्रह. वरच्या खुर्चीत बाई बसली की खाली खिडकीवरच्या अर्जात एक रकाना वाढतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आमच्याकडे तो रकाना आला तेव्हा मुलं खिडकीशी अडखळायची, "आईचं पूर्ण नाव काय लिहू मॅडम, माहेरचं का?" त्याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

आणि दरवर्षी भरायची ती उच्च शिक्षण पाहणीची माहिती. २०२१-२२ च्या पाहणीत देशात ४.३३ कोटी विद्यार्थी, त्यात मुली २.०७ कोटी, म्हणजे जवळपास निम्म्या. त्याच माहितीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा तक्ता असतो, एकूण किती आणि त्यात महिला किती, गटवार. तो मी भरते. आमच्या कॉलेजचा आकडा इथे लिहीत नाही, पण जसजशी वरच्या गटाकडे जाते तसतसा महिलांचा रकाना भरायला वेळ लागत नाही.

तर बुधवार. शिक्का उचलला नाही. तिला बसवलं आणि आधी कालबद्धच्या लाभाचा नियम सांगितला. तिला माहीत नव्हता. "पण कोणी सांगितलंच नाही मॅडम." नाहीच सांगत. मग रोस्टर शिकली आहेस का विचारलं, तर नाही. काटोलच्या ऑफिसात मोजकीच माणसं आहेत. तिथे रोस्टर, लेखा सगळं तिच्याच गळ्यात पडणार, हेही सांगितलं. ते ऐकून ती घाबरली की तिला बरं वाटलं, चेहऱ्यावरून कळेना. जा असं मी म्हटलं नाही. पोरगा तिचा आहे, साठ किलोमीटर रोज तिला जायचे आहेत, मला नाही.

बराच वेळ ती कूलरकडे बघत बसली. मग म्हणाली, "काटोलहून संध्याकाळी गाड्या किती वाजताच्या असतात हो?"

मला कुठे माहीत? आमचा शिपाई तिकडचाच. त्याला हाक मारली. तो दारातच उभा राहून एसटीच्या वेळा सांगू लागला, मग रेल्वेच्या, मग कोणती कधी लेट होते ते. तिनं माझ्या टेबलावरचा पेन घेतला, तोच कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेऊ लागली.