तोरणमाळला मंगळ पाहायला जाताय?

जानेवारी २०२५ मध्ये मंगळ प्रतियुतीत, म्हणजे आपल्या आभाळात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला होता. धुळ्याचा मित्र आणि मी आठ इंची डोबसोनियन, म्हणजे आरशाची साधी दुर्बीण गाडीत कोंबून सातपुड्यातलं तोरणमाळ गाठलं. पेट्रोल शहाद्यालाच भरा, शेवभाजीही तिथेच चापून घ्या. वर सोय मोजकीच. सातपायरी घाट उजेडातच चढा. खाली उसाच्या ट्रॅक्टरांनी काचेवर धुळीचा थर चढवला होता. वर, साधारण १,१५० मीटरवर, हवा लख्ख.

“तठे बी धूय उडस का?” मित्रानं दुर्बिणीला डोळा लावत विचारलं.

मंगळावरही धूळ उडते, आणि कुठून उठणार ते बरंचसं जागाच ठरवते. दक्षिण गोलार्धातलं हेलास हे सुमारे २,३०० किलोमीटर रुंद, सातेक किलोमीटर खोल खोरं. त्याच्या उतारांवर वारे वरखाली वाहतात. शिवाय जवळच दक्षिण ध्रुवाच्या बर्फाची कड: एकीकडे गार बर्फ, शेजारी तापलेली जमीन, की वारा पिसाळलाच. २००१ चं ग्रहभर पसरलेलं वादळ हेलासच्याच भागात सुरू झालं. २०१८ चं मात्र उत्तरेकडच्या अ‍ॅसिडेलियाच्या सखल मैदानातून दक्षिणेत उतरलं. मंगळावर फिरणारी, सौरऊर्जेवरची ऑपॉर्च्युनिटी बग्गी त्यात कायमची गप्प झाली. अणुऊर्जेवरची क्युरिऑसिटी तगली. १९७१ मध्ये मरिनर ९ हे यान पोचलं तेव्हा तर उंच ज्वालामुखींचे माथेच तेवढे धुळीवर दिसत होते.

मोठी वादळं येतात ती दक्षिणेच्या वसंत-उन्हाळ्यात. मंगळ तेव्हा सूर्याजवळ असतो. आम्ही गेलो तेव्हा तिथे उत्तरेचा वसंत, म्हणून उत्तर ध्रुवाची पांढरी टोपी ठसठशीत दिसली.

आता कामाचं. आरसा तासभर उघड्यावर गार होऊ द्या, नाहीतर बिंब थरथरतं. चांदण्याची फिकीर नको, मंगळाला काळोखापेक्षा स्थिर हवा लागते. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, त्यामुळे कालचा डाग आज तेवढ्याच उशिरा समोर येतो. कोणती बाजू दिसणार ते अ‍ॅपवर आधी बघून जा.

पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला. बिंब लहान असेल, पण खान्देशात आभाळ मोकळं. मंगळ खूप जवळ येतो तो जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास, जसा २०१८ मध्ये आला आणि २०३५ मध्ये येईल. तेव्हा तिथे धूळ आणि इथे पाऊस. मी तरी २०२७ च धरीन. घोंगडी मात्र न्याच, पहाटे तळ्याकाठी बोटं आखडतात.