ईसीजी नॉर्मल, मग धडधड कसली?

जळगावात मी ईसीजी काढते, होल्टर म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र लावते. अँजिओप्लास्टी झालेल्या आईला घेऊन आलेला मुलगा ईसीजीची पट्टी हातात पडताच विचारतो, "ताई, नॉर्मल आहे ना? मग हिला धडधड कसली होते? टेन्शनच ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

पट्टी साधारण १० सेकंदांची असते. तेवढ्या वेळात ठोके नीट पडले, एवढंच ती सांगते. पहाटे "जीव घाबरा व्हई ऱ्हायना" म्हणत उठून बसलेल्या बाईबद्दल ती काय सांगणार? त्यासाठी २४ तासांचा होल्टर. छातीला वायरी चिकटवायच्या म्हटलं की आमच्या बायका पदर घट्ट धरतात, पुरुष टेक्निशियन असेल तर आल्या पावली परत जातात. लावला तरी सोबतच्या वहीत धडधडीची वेळ लिहीत नाहीत. लिहायला सुनेला बसवा, पण लिहा.

टेन्शनने धडधड होते, खोटं नाही. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर स्नायूवर व्रण राहतो आणि ठोक्याची वीज त्याच्या कडेने भरकटू शकते. दुसरा प्रकार एट्रियल फिब्रिलेशनचा: हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. हा धोका साधारण पाचपट वाढतो, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी देतात. बरं वाटलं म्हणून ती मनाने सोडायची नाही.

बायकांचं आणखी एक वेगळं. ईसीजीतलं क्यूटी हे अंतर, म्हणजे ठोक्याची वीज सुटून पुन्हा पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, त्यांच्यात मुळातच थोडं जास्त असतं. पुरुषांत ४५० मिलिसेकंदांपर्यंत चालतं, बायकांत ४६०. काही औषधं ते आणखी लांबवतात आणि त्यातून होणारी धोकादायक लय बायकांत जास्त दिसते. त्यात अ‍ॅझिथ्रोमायसीनसारखी, खोकल्याला मेडिकलवरून सहज आणली जाणारी गोळीही येते. दुकानदाराला आईच्या हृदयाचं कोण सांगतं?

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. लघवीची गोळी चालू, वर जुलाब, की पोटॅशियम उतरतं आणि ठोके बिघडतात. "मग केळी खाऊ घालू?" केळीत पोटॅशियम असतं, म्हणून हा प्रश्न केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलचे लोक हमखास विचारतात. किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम आधीच चढलेलं असू शकतं, आणि तेही तितकंच वाईट. आधी रक्त तपासा.

धडधडीबरोबर चक्कर येऊन पडली, दम लागला, छातीत दुखलं, तर होल्टरची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीला न्या. एरवी येताना जुन्या पट्ट्या आणा. तो कागद थर्मल असतो, उन्हात ठेवला की अक्षरं उडतात. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेला बरा.