मालाडच्या टॉकीज कंपाउंडात, विर्शिंगच्या मागावर

डिसेंबर २०१७. पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव चालू होता. मी गेले होते गाणं ऐकायला. मधल्या रिकाम्या वेळात ऊन टाळावं म्हणून जुन्या फोटोंच्या एका प्रदर्शनात शिरले आणि संध्याकाळच्या गाण्याची वेळ टळून गेली तरी तिथून पाय निघेना.

भिंतीवर देविका राणी, अशोक कुमार, लीला चिटणीस होते. हे चेहरे ओळखीचेच. पण फोटो काढणाऱ्याचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. जोसेफ विर्शिंग. १९०३ साली म्युनिकमध्ये जन्मलेला हा माणूस १९२५ मध्ये ‘प्रेम संन्यास’ या मूकपटाचा कॅमेरामन म्हणून पहिल्यांदा भारतात आला. हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज हा चित्रपट स्टुडिओ उभा केला, तेव्हा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनबरोबर तोही परत आला. ‘अछूत कन्या’चं छायाचित्रण त्याचं. ‘महल’चंही त्याचंच. मधुबालाच्या त्या सावल्या मी लहानपणापासून कितीदा पाहिल्या असतील, पण श्रेयनामावलीत हे नाव कधी वाचलं नाही, याची त्या दिवशी लाज वाटली.

चित्रीकरण चालू असताना त्याच्याजवळ एक लायका कॅमेराही असायचा. त्यावर त्याने जे टिपलं ते पडद्यावर कधी आलंच नाही. निगेटिव्ह आणि प्रिंट मिळून ६,००० हून जास्त चित्रं त्याच्या घरच्यांनी जपली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

नट्यांच्या फोटोंसमोर गर्दी होती. मी अडकले ती कामाच्या फोटोंपाशी. भर उन्हात रिफ्लेक्टरची फळी धरून उभे असलेले कामगार. कॅमेऱ्याभोवती वाकलेली माणसं. मेकअप झालाय पण शॉट अजून लागलेला नाही, अशी ताटकळलेली नटी. पडद्यावर गालावर जो मऊ प्रकाश पडतो तो कुणाच्या तरी हातांनी आणलेला असतो, आणि विर्शिंगने ते हातच फ्रेममध्ये घेतले होते. मी स्वतः अजून रोलवर फोटो काढते. छत्तीस फ्रेम जपून वापरायची सवय असलेल्या माणसाला कळतं, की हीरोइनकडे रोखलेला कॅमेरा वळवून फळी धरणाऱ्यावर एक फ्रेम खर्च करणं ही साधी गोष्ट नाही.

तिथून परतल्यावर मालाडला जायचं डोक्यात घट्ट बसलं. तरी जायला दोन महिने लागले.

पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ म्हटलं, तर त्याने पुढे काही विचारलंही नाही. पत्ता म्हणून हे नाव अजून जिवंत आहे. स्टुडिओ १९५४ मध्ये बंद झाला. आत आता गाळे आहेत, लहान लहान कारखाने. यंत्रांची घरघर, तेलाचा वास, बोळात उभे टेम्पो. मधूनच एखादी जुनी भिंत लागते. प्लास्टर गळून विटा उघड्या पडलेल्या आणि फटींतून पिंपळ वर आलेला. मी तळहात टेकवून बघितला. दुपारच्या उन्हाने भिंत तापली होती.

इथेच कुठेतरी ‘अछूत कन्या’तलं रेल्वे फाटक उभं केलं असेल का, असं मनात येत होतं. फाटकवाल्या दलित माणसाची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा, १९३६ सालातली गोष्ट. अशोक कुमार हे इथल्या प्रयोगशाळेत काम करणारे, कॅमेऱ्यासमोर यायला नाखूष. त्यांचा चेहरा पहिल्यांदा कसा उजळायचा हे ज्याला ठरवायचं होतं, तो हाच जर्मन माणूस.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा लीला चिटणीस आणि अशोक कुमार यांच्या ‘कंगन’चं काम चालू होतं. जर्मन म्हणून विर्शिंगला इंग्रज सरकारने शत्रुदेशाचा नागरिक ठरवून स्थानबद्ध केलं. नगरच्या छावणीचं नाव वाचून मी थबकले, कारण माझं आजोळ नगरचं. ज्याने मालाडच्या मातीत एवढा प्रकाश पाडला, त्याला आपल्याच मुलखात तारेच्या कुंपणाआड बसावं लागलं. ऑस्टेन जर्मनीला परत गेला. विर्शिंग युद्ध संपल्यावरही इथेच राहिला, पुन्हा कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि १९६७ मध्ये मुंबईतच वारला. तेव्हा त्याच्या छायाचित्रणातला ‘पाकीजा’ अर्धवट होता. १९७२ मध्ये तो पडद्यावर आला तेव्हा बघायला विर्शिंग नव्हता. मला हे फार लागतं.

गाळ्यांमधून फिरताना एका जुन्या कमानीचा फोटो घ्यायला थांबले. शेजारच्या गाळ्यातला एक पोरगेलासा कामगार हात पुसत बाहेर आला. “कशाचा फोटो काढताय ताई? इथे काय आहे?”

मी मोबाइलवर विर्शिंगचं एक छायाचित्र दाखवलं: मोठा कॅमेरा, आजूबाजूला माणसं. त्याने ते बोटांनी मोठं केलं. देविका राणीवरून नजर सरकवून तो कडेला रिफ्लेक्टर धरलेल्या माणसापाशी थांबला. मग आत हाक मारून आणखी दोघांना बोलावलं. तिघं डोकी जोडून बघत राहिले. फोटो कुणी काढला ते मी सांगितलं.

“म्हणजे हा इथे कामाला होता?”

“हो,” मी म्हटलं, “कॅमेरा खात्यात.”