ठाकूनच्या नावाची पाटी

रविवार, रात्री ११

दुपारभर ठाकून पानिचकुल या अमेरिकेतल्या फॅशन डिझायनरबद्दल वाचत होते. थाई लिपीत त्याचं नाव ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी थाई लोक रवींद्रनाथांचं ‘ठाकूर’ही लिहितात. आडनावातलं ‘पानिच’ म्हणजे आपलं वाणिज्य, आणि ‘कुल’ म्हणजे कुळच. व्यापाऱ्याचं घराणं! हे कळल्यावर तो एकदम ओळखीचा वाटायला लागला.

जन्म थायलंडमधला. अकराव्या वर्षी तो अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ओमाहात आला. बोस्टन विद्यापीठात शिकला तेही व्यवसायशास्त्र. पुढे ‘हार्पर्स बझार’ या मासिकात फॅशनवर लिहिण्याची नोकरी, ती करता करता न्यूयॉर्कच्या पार्सन्स या डिझाइनच्या कॉलेजात कपड्यांचं शिक्षण, आणि २००४ मध्ये स्वतःच्या नावाने पहिलं कलेक्शन. म्हणजे हिशोब आधी आणि कात्री नंतर. माझं नेमकं उलट झालं. कटिंग मी सासूबाईंकडून शिकले, हिशोब मात्र दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा.

ऑगस्ट २००८ मध्ये डेन्व्हरला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात बराक ओबामांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली, त्या रात्री मिशेल ओबामांच्या अंगावर ठाकूनचा लाल-काळ्या फुलांचा ड्रेस होता. त्याचं नाव घरोघरी पोचलं. त्याच वर्षाच्या शेवटी ‘टार्गेट’ या अमेरिकन साखळीच्या दुकानांसाठी त्याने स्वस्तातले कपडे केले. पुढे ‘तासाकी’ या जपानी मोत्यांच्या पेढीसाठी दागिनेही केले. सोन्याच्या सरळ पट्टीवर ओळीने बसवलेले मोती. त्यांचा फोटो मी कितीतरी वेळ बघत बसले.

पण मन अडकलं ते २०१६ वर. फॅशन शोमधले कपडे दुकानात यायला सहा-सहा महिने जातात, तोवर नकला बाजारात येऊन गेलेल्या असतात. हाँगकाँगच्या गुंतवणूकदारांचं पाठबळ मिळाल्यावर ठाकूनने मोठ्या दुकानांना घाऊक माल देणंच थांबवलं. आज शो, आजच विक्री, स्वतःच्या वेबसाइटवर आणि न्यूयॉर्कमधल्या सोहोतल्या स्वतःच्या दुकानात. मला हे पटलं, अजूनही पटतं. लग्नसराईत गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं, त्याला पुढच्या हंगामाचा वायदा देऊन काय उपयोग? पण यात सगळा माल आधीच शिवून ठेवावा लागतो. दुकानांच्या आगाऊ ऑर्डरींचा आधार जातो, आणि न खपलेला प्रत्येक नग आपल्याच अंगावर पडतो. मार्च २०१७ मध्ये, म्हणजे वर्षही झालं नव्हतं, तोच काम थांबवल्याचं जाहीर झालं.

इतरांचं दुकान बंद होतं तेव्हा पाटी उतरते. इथे तर पाटीवर त्याचं स्वतःचंच नाव होतं. त्या दिवसांत कुणी नाव विचारलं की त्याला काय वाटत असेल? मला विचारायचे तेव्हा मी ‘सध्या घरीच असते’ म्हणून विषय बदलायचे.

२०१९ मध्ये तो परत आला, त्याच नावाने. कपडे मोजके आणि रोज घालण्यासारखे, किमती आधीपेक्षा बऱ्याच कमी, विक्री थेट गिऱ्हाइकाला. म्हणजे ज्या मार्गावर ठेच लागली तोच धरला, पण ओझं कमी करून. त्याच वर्षी ‘ओमगर्ल्स’ नावाचं मासिकही काढलं, पुरुषी धाटणीचे कपडे आवडणाऱ्या बायकांसाठी.

माळ्यावरच्या पेटीत सासूबाईंच्या नावाच्या लेबलांचं अख्खं भेंडोळं पडून आहे. ह्यांना सांगून ठेवलंय, सकाळी शिडी लावून द्या म्हणून.