वेळ नमूद नाही

आमच्या ब्यूटी आणि बार्बर प्रशिक्षण संस्थेत मी स्वच्छता आणि सुरक्षा हा विषय शिकवते. विद्यार्थ्यांच्या मते सगळ्यात कंटाळवाणा तास. मान्यतेचं नूतनीकरण आलं तेव्हा प्राचार्यांनी फाइल माझ्या पुढ्यात सरकवली. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे." शिक्षकांची प्रमाणपत्रं, जागेचा नकाशा, तासिकांचा तक्ता हे सगळं एका फेरीत झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते जोडपत्र सातवर, आणि तिथे सात आठवडे गेले.

जोडपत्र सात म्हणजे 'उपकरण निर्जंतुकीकरण नोंदवही'चं एक पान. पाच रकाने: तारीख, उपकरण, द्रावण, वेळ, सही. आमच्या वहीतल्या मागच्या महिन्याच्या पानाची झेरॉक्स मी जोडली. वेळेच्या रकान्यात ओळीने 10 मिनिटे, 10 मिनिटे, 10 मिनिटे. आम्ही वापरतो त्या क्वॅट (क्वाटर्नरी अमोनियम) जंतुनाशक द्रावणाच्या लेबलवर तेवढा संपर्क-काळ छापलेला आहे. कात्री उघडून, पूर्ण बुडवून, दहा मिनिटं. नवी मुलं मिटलेली कात्री टाकतात आणि जोडाच्या खाचेत केस तसेच राहतात. हे वाक्य मी वर्षाला किती वेळा बोलते याचा हिशेब ठेवलेला नाही.

दोन आठवड्यांनी फाइल परत. लाल शाईत शेरा: "वेळ नमूद नाही."

मी पान पुन्हा पाहिलं. वेळ तर होती. मान्यता देणाऱ्या कार्यालयाच्या खिडकीवर गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, किती वाजता केलं ते कुठंय? वेळ म्हणजे वाजलेले."

बरं. मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पण मागच्या महिन्यात कोणता कंगवा किती वाजता बुडवला हे मला कुठून आठवणार? बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "टाका ना अंदाजे, कोण बघतंय." इथे मात्र मी हट्टाला पेटले. नोंदवहीत मागाहून वेळा भरू नका हेच तर मी वर्गात शिकवते. म्हणून त्या दिवसापासून घड्याळ बघून नोंदी ठेवायला लावलं, आठ दिवस थांबले आणि नवं पान जोडलं. सकाळी 11.20, दुपारी 1.45, असं.

या वेळी फाइल तांत्रिक टेबलापर्यंत पोचली आणि तिथून परतली. "संपर्क कालावधी नमूद नाही." म्हणजे एका टेबलाला वेळ म्हणजे किती वाजता, दुसऱ्याला वेळ म्हणजे किती वेळ. मधली भिंत लाकडी फळीची. एकाची खुर्ची सरकली की दुसऱ्याला ऐकू येते. पण हा शब्द काही त्या फळीपलीकडे गेला नव्हता.

तिसऱ्या खेपेला मी दोघांचं समाधान होईल असं लिहिलं: 11.20 ते 11.30. बाईंनी पान वरपासून खालपर्यंत पाहून शिक्का मारला आणि मला वाटलं, सुटले. दहा दिवसांनी त्रुटीपत्र: "10 मिनिटांत निर्जंतुकीकरण होत नाही. ऑटोक्लेव्हचं प्रमाणपत्र जोडावं."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही, शिवी आली.

शांत झाल्यावर कळलं की तांत्रिक टेबलावरचे साहेब त्यांच्या जागी बरोबर होते. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. रसायनात बुडवून बहुतेक रोगजंतू मारणं हेही निर्जंतुकीकरण, आणि ऑटोक्लेव्ह या यंत्रात दाबाच्या वाफेत 121 अंशांवर साधारण 15 मिनिटं ठेवून जिवाणूंचे बीजाणूसुद्धा संपवणं हेही निर्जंतुकीकरण. पहिल्यात बीजाणू वाचू शकतात. दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेच्या हत्यारांना दुसरं लागतं, आमच्या कंगव्यांना पहिलं पुरतं. साहेबांनी शीर्षक वाचलं, डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर आलं, झालं.

चौथ्या खेपेला मी कागद पाठवला नाही, स्वतः गेले. पर्समध्ये वर्गातला काळा प्लॅस्टिकचा कंगवा होता. तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "सर, हा ऑटोक्लेव्हमध्ये घातला तर वाकडा होऊन बाहेर येईल." त्यांनी कंगवा उचलला, थोडा वाकवून पाहिला, दात्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तर मग शीर्षक बदला."

"शीर्षक तुमच्याच नमुन्यातलं आहे, सर."

थोडा वेळ पंख्याचाच आवाज. मग त्यांनी पेन काढलं आणि 'निर्जंतुकीकरण'च्या आधी बारीक अक्षरात 'रासायनिक' लिहिलं, शेजारी सही केली. एवढंच. पुढच्या आठवड्यात मान्यता.

आता तुम्हाला हे करायचं असेल तर माझं ऐका: वेळेच्या रकान्याचे आधीच दोन करा, 'सुरुवात' आणि 'किती मिनिटं'. नमुन्यात एकच असला तरी पट्टीने उभी रेघ मारा. आखलेली रेघ दिसली की कुणी विचारत नाही. आणि खिडकीवर पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका. हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, कारण दुसऱ्या खेपेची फाइल 'आलीच नाही' असं मला दोन दिवस ऐकवण्यात आलं होतं.

नोंदवहीत आणखी एक रकाना मी स्वतःहून घातला: 'आधी धुतलं का'. साबण-पाण्याने केस आणि तेल काढलं नाही तर द्रावण त्या मळावरच खर्ची पडतं आणि दहा मिनिटं वाया जातात. द्रावण रोज बदलायचं, गढूळ झालं तर त्याआधीच. क्लिपर बुडवायचा नाही, त्याच्या ब्लेडसाठी स्प्रे वेगळा. आणि त्या निळ्या दिव्याच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या, कपाटावर विसंबू नका. किरण लागतील तेवढ्याच पृष्ठभागावर परिणाम, वस्तूच्या सावलीतला भाग तसाच. धुऊन-बुडवून झालेली हत्यारं ठेवायला ते ठीक.

रसायनांची यादीही ताजी करून घ्या. युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून जेल नेलपॉलिशमधल्या टीपीओ या घटकावर बंदी आणली. बाटल्यांच्या मागचं बारीक अक्षर भिंगाने वाचून मी तो असलेली उत्पादनं आमच्या यादीतून आधीच काढली होती. मला कुणी विचारलं नाही. निदान इथे तरी सांगते.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं अजून तापतं ती. मान्यता आल्यावर मी घरी निवांत बसून शिक्के मारलेला अभ्यासक्रम चाळत होते. केस रंगवण्याच्या प्रकरणात, पॅच टेस्ट (त्वचेवर थोडा रंग लावून ॲलर्जी तपासणं) 48 तास आधी घ्यावी या ओळीच्या खाली, छापलं होतं: "हायड्रोजन पेरॉक्साइड, 20 टक्के." आमच्या टायपिस्टने 'व्हॉल्यूम'चं, म्हणजे पेरॉक्साइडची तीव्रता सांगणाऱ्या वेगळ्या मापाचं, 'टक्के' केलं होतं. 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के. 40 व्हॉल्यूम म्हणजे 12, आणि युरोपात केसांच्या उत्पादनांना कमाल मर्यादाच 12 टक्क्यांची आहे. चूक आमचीच, माझ्याही नजरेतून सुटलेली. पण त्या पानावर दोन टेबलांचे दोन शिक्के होते, खाली 'तपासले' असं लिहिलेलं. लाल शाईचा एक ठिपका नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज दिला. चार दिवसांनी परत आला: "दुरुस्तीचं कारण नमूद करावं."

मी त्याच कागदावर खाली लिहिलं: "विद्यार्थ्याच्या हातून गिऱ्हाइकाचं डोकं भाजेल." तारीख घातली आणि पुढे वेळही घातली, दुपारी 12.10. पोचपावती घेतली. दुरुस्त पान तिसऱ्या दिवशी आलं.